गाडीत जन्मलेल्याचं गाव कोणतं?

मंडळी, आधी एक विचारते. तुमच्यापैकी कितीजणांची जन्मतारीख 1 जून आहे? बघा किती हात वर झाले! गुरुजींनी नाव घालताना जून धरला आणि आपण सगळे एकाच दिवशी जन्मलो. त्या गुरुजींचे आपल्यावर उपकार आहेत. ज्यांना असे गुरुजी भेटलेच नाहीत, त्यांच्याविषयी मला बोलायचंय.

2019 सालची गोष्ट. नंदीबैलवाल्यांच्या पालावरची, म्हणजे भटक्यांच्या तंबूंच्या वस्तीवरची, एक बाई मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा सात वर्षांचा. शाळेने जन्मदाखला मागितला होता. खरं तर वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याचं कलम 14 तसं स्पष्ट सांगतं. पण तिला कोण सांगणार? मी विचारलं, कधी जन्मला? म्हणाली, "आमचा थोरला नंदी गेला त्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी." कुठे? "गाडीत. चालत्या गाडीत."

बैलगाडी दोन गावांच्या मध्ये होती. पहिलं गाव म्हणालं, आमच्या हद्दीत जन्म नाही. दुसरंही तेच म्हणालं. आणि दाखल्यासाठी आधी हवा नोंद नसल्याचा दाखला! तो कोणत्या गावाने द्यायचा? तिने कमरेची पिशवी सोडून लसीकरणाचं कार्ड काढलं. हळदीने पिवळं झालेलं, एक कोपरा उंदराने खाल्लेला, पण पहिल्या डोसची तारीख स्वच्छ दिसत होती. टेबलामागच्या माणसाने ते हातातही घेतलं नाही. अकरा खेपा झाल्या. एका खेपेला एका दिवसाची भिक्षा बुडते, हेही लक्षात घ्या.

मग मी जन्म-मृत्यू नोंदणीचे नियम काढून बसले. त्यात चालत्या वाहनातल्या जन्माची तरतूद आहे! वाहन ज्याच्या ताब्यात, त्याने पहिल्या मुक्कामी खबर द्यायची. आणि वाहन म्हणजे काय? विमान, जहाज, रेल्वे, टांगा आणि गाडासुद्धा. कायदा करणाऱ्याला ती गाडी दिसली होती हो! दिसली नाही ती टेबलामागच्या माणसाला. शेवटी कोर्टाच्या आदेशाने पहिल्या मुक्कामाच्या गावी नोंद झाली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. मुख्य मुद्दा तर राहिलाच, भरभर सांगते.

नोंद हा जन्माचा पुरावा आहे. नोंद नाही म्हणून माणूस जन्मला नाही असं होत नाही. पण 1 जुलै 1987 पासून जन्मलेल्यांना नागरिकत्वासाठी आईबापांपैकी निदान एकाचं तरी नागरिकत्व दाखवावं लागतं, म्हणजे आईकडे नसलेला कागद लेकरालाही नडतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर वर्षापेक्षा उशिराच्या नोंदीचा आदेश प्रांताधिकारी देऊ शकतात, कोर्टाची पायरी टळली, हे चांगलं. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांची शाळा, मतदारयादी, सगळं त्या एका दाखल्यावर आलं. जातीच्या दाखल्याला विमुक्त-भटक्यांकडून 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. विमुक्त म्हणजे इंग्रजांच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती; त्यांच्यावरचा तो शिक्का पुसला 1952 मध्ये. नऊ वर्षांत त्यांनी कुठला सातबारा जमवायचा होता?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, कागदाने पालावर जावं. तुमच्या गावाबाहेर पाल पडलं आणि तिथे बाळंतीण असली, तर ग्रामसेवकाला 21 दिवसांच्या आत सांगा. ते म्हणतील, जन्म आमच्या हद्दीत नाही, गाडीत झालाय. तेव्हा नियम पुढे ठेवा: पहिला मुक्काम.