मशीन कुणाचं, शिक्षा कुणाला?

मंडळी, जुगाराच्या व्हिडिओ मशीनसाठी शिक्षा वाढवा म्हटलं की टाळ्या पडतात. आत्ताही पडल्या. पण मी नाशिकच्या कोर्टात तीसेक वर्षं जुगाराच्या केसेस चालवल्या, त्याही बहुतेक आरोपीच्या बाजूनं. म्हणून विचारतो, वाढवायची ती कुणाची शिक्षा?

आपला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. अड्डा चालवणाऱ्याला कलम ४ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं; पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी तीन महिने कैद आणि ५०० रुपये दंड. पाचशे रुपये! कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पत्ते होते, फासे होते. बटणांचं मशीन कुठून असणार? ते 'जुगाराचं साधन' म्हणून त्यात बसवता येतं. पण नुसतं बाळगलं म्हणून गुन्हा होत नाही. ती जागा अड्डा होती, कुणाच्या तरी नफ्यासाठी चालत होती, हे सिद्ध करावं लागतं. साधन सापडलं की कलम ७ प्रमाणे अड्डा असल्याचं गृहीत धरतात, हे खरं. पण झडती कलम ६ प्रमाणे रीतसर झाली असेल तर. आमची निम्मी उलटतपासणी त्या झडतीवरच व्हायची.

आता मशीन बघा. त्यातून पैसा बाहेर पडत नाही. गल्ल्यावरचा पोरगा चावी फिरवून पॉइंट चढवतो आणि जिंकलात तर रोकड हातावर ठेवतो. पंचनाम्याच्या वेळी पडद्यावर फक्त आकडे. 'साहेब, व्हिडिओ गेम आहे, मुलं खेळतात.' दुकानदार हे इतक्या भोळेपणानं सांगायचा की कधीकधी मलाही पटायचं.

माझा एक अशील कांदा विकून पट्टीचे पैसे घेऊन घरी निघालेला. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकावर, गाडीला वेळ होता, म्हणून जवळच्या दुकानात मशीनवर बसला. छाप्यात तो सापडला, गल्ल्यावरचा पोरगाही सापडला. पण मशीन दोघांचंही नव्हतं. ते निम्म्या भागीवर ठेवून गेलेला माणूस वेगळाच. त्याचं नाव ना फिर्यादीत, ना दोषारोपपत्रात. पुढं कोर्टातून मशीन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागू तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, सुटलं तेवढं मात्र कळलं.

कुणी म्हणेल, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ आहे, एक ते सात वर्षं. आहे. पण तिथं टोळी दाखवावी लागते. २०२५ चा केंद्राचा कायदा ऑनलाइन पैशांच्या खेळांचा. इंटरनेटला न जोडलेला डबा त्यात येत नाही.

माझं मागणं एवढंच आहे: विनापरवाना मशीन बाळगणं, भाड्यानं देणं, भागीवर ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा करा आणि कैद, दंड वाढवायचा तो तिथं वाढवा. कांदा विकून आलेल्याला आणखी सहा महिने आत ठेवून काय मिळणार?

आणि यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. जुगार हा घटनेच्या राज्यसूचीतला, म्हणजे राज्यानं कायदा करायचा विषय, नोंद ३४. पुढच्या रांगेत दोन-तीन पांढरेशुभ्र कडक इस्त्रीचे कपडे दिसतायत, म्हणून मुद्दाम सांगितलं.