हातभर जागा सोडा

[दृश्य : मे महिना, नागपूरच्या एका घरामागची परसबाग. काळ्या मातीच्या भेगेत अख्खा पंजा जातो आहे.]

निवेदन :
पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात तडकायचं, हा इथल्या काळ्या मातीचा स्वभावच. देशभरच्या मातीचे नकाशे तयार करणारा, १९७६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो याच शहरात, अमरावती रोडवर आहे. कपाशीला, तुरीला ही माती मानवते. पण एकदा लावली की पंधरा वर्षं जागची हलवायची नाही अशी भाजी इथं लावायची, तर थोडा विचार करावा लागतो.

ती भाजी म्हणजे अ‍ॅस्परॅगस. मेळघाटातल्या शतावरीचा हा भाऊबंद. शतावरीच्या मुळ्या खणून काढायच्या असतात. याच्या मुळ्या जमिनीतच जपायच्या आणि वर येणारे कोंब तेवढे खायचे. नर्सरीत नुसतं ‘अ‍ॅस्परॅगस’ म्हटलं तर बहुधा बुकेत खोचतात त्या शोभेच्या पानांची कुंडी हातात पडते. त्यापेक्षा भाजीच्या बियाण्याचं पाकीट आणलेलं बरं. बी रात्रभर भिजवून ट्रेमध्ये टाकलं की २ ते ३ आठवड्यांत उगवतं आणि साधारण ३ महिन्यांत रोप वाफ्यात जायला तयार होतं.

[दृश्य : गादीवाफा. काकू कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात टेकवून खुणा करतात.]

निवेदन :
टेप शोधायची गरज नाही. दोन रोपांत एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर. दोन ओळींत तीन हात. रोप असतं बोटभर, त्यामुळे वाफा रिकामा दिसतो आणि माळीदादांना राहवत नाही.

माळीदादा : काकू, एवढी जागा काऊन सोडून राह्यले? मधात अजून एकेक रोप बसते ना!

काकू : आज बसते दादा. तिसऱ्या वर्षी कुठं बसवाल?

निवेदन :
काकूंचं बरोबर आहे. या झाडाच्या मुळ्या खोल जातात, त्याहून जास्त आडव्या पसरतात, मीटरभर सहज. दाटी झाली की झाड मरत नाही, कोंब मात्र दरवर्षी बारीक होत जातात. वरचा बारीक पानांचा पिसारा छातीइतका उंच वाढतो. त्यातून वारा खेळला नाही तर पावसाळ्यात रोग ठरलेलाच. पहिली दोन वर्षं मधल्या पट्ट्यात मेथी घ्या, सांबार म्हणजे कोथिंबीर घ्या. कुदळ मात्र तिथं चालवायची नाही.

थंड देशांतल्या पुस्तकांत फूटभर खोल चर खणायला सांगतात. तिथल्या भुसभुशीत मातीत ते ठीक. आपल्या काळ्या मातीत तसा चर खणला तर जुलैत त्यात पाणी साचेल आणि मुळ्या-कोंब जिथून फुटतात तो गड्डा कुजेल. म्हणून इथं वर चढायचं : फूटभर उंच गादीवाफा, त्यात कुजलेलं शेणखत आणि भरपूर वाळू.

[दृश्य : संक्रांतीनंतरची सकाळ. जुनी झाडं हलवायची तयारी. पिसारा जमिनीलगत छाटलेला.]

निवेदन :
आता खरं अवघड काम. दुसऱ्या कोपऱ्यात दाटीनं लावलेली दोन-तीन वर्षांची झाडं हलवायची आहेत. वेळ थंडीतलीच, नवे कोंब फुटायच्या आत. बुंध्यापासून हातभर दूर गोल खणत यायचं आणि खालून उचलायचं. खेचायचं नाही.

[दृश्य : अगदी जवळून. मातीतून वर आलेला गड्डा.]

मधोमध खवल्यांचे टोकदार डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, आणि चहूकडे जुन्या खराट्यासारख्या फिसकटलेल्या जाड, फिक्या मुळ्या. वर्षभराची शिदोरी याच मुळ्यांत असते. जाड मुळी तुटली की तिचं टोक पुन्हा वाढत नाही. नव्या मुळ्या गड्ड्यातूनच फुटाव्या लागतात. दोन गड्डे एकमेकांत गुंतले असतील तर पाण्याच्या बादलीत बुडवून हळूहळू सोडवावेत. घाई असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी करा.

नव्या खड्ड्याची खोली वीतभरापेक्षा थोडी कमी. तळाला मातीची छोटा उंचवटा, त्यावर गड्डा बसवायचा, डोळे वर, मुळ्या चारी बाजूंनी उतरत्या. वर सुरुवातीला चार बोटं माती, बाकीचा खड्डा कोंब वाढतील तसा भरत जायचा.

[दृश्य : शेडनेट, तणसाचं (भाताच्या पेंढ्याचं) आच्छादन.]

निवेदन :
नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, यायच्या आत तणसाचा जाड थर आणि वर शेडनेट हवंच. माती ओलसर ठेवा, चिखल नको. हलवलेल्या झाडाचा त्या वर्षी एकही कोंब कापायचा नाही, कितीही मोह झाला तरी. वर जो पिसारा होतो, तोच मुळ्यांना पोसतो. मादी झाडाला लाल फळं धरतात. ती पडून भलतीकडं रोपं उगवतात, आणि काकूंनी सोडलेली हातभर जागा फुकट जाते. दिसली की उपटा.

रोपापासून तिसऱ्या वर्षी काढणी. कोंब वीतभर झाला आणि टोक घट्ट मिटलेलं असलं की जमिनीलगत कापायचा. नागपूरची थंडी झाडाला पुरतं झोपवत नाही. तेव्हा थायलंड-तैवानात करतात तसं इथंही करता येतं : प्रत्येक झाडावर चार-पाच जोमदार दांडे वाढू द्यायचे आणि त्यांच्या बुडाशी येणारे नवे कोंब काढत राहायचे. कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक यायला लागले, की त्या हंगामापुरती सुरी आत ठेवायची.