सावली सर्वांत लहान केव्हा होते?

(दृश्य : ठाण्याच्या कळव्यातल्या एका मराठी शाळेचं पटांगण. मार्चचं ऊन. आठवीचा वर्ग.)

तारीख 21 मार्च. पटांगणात एक मीटर उंचीची काठी उभी केली आहे. ती सरळ उभी आहे ना, हे मुलांनी ओळंबा धरून तपासलंय. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट. सावलीच्या टोकाशी खडूची खूण होते, पट्टी लावली जाते, आकडा वहीत जातो.

सकाळी बाईंनी वर्गात विचारलं होतं, सावली सर्वांत लहान केव्हा होईल? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, बारा वाजता! सूर्य तेव्हा डोक्यावर असतो.

बारा वाजता सावली भरली 41 सेंटिमीटर. सव्वाबाराला साडेसदतीस. साडेबाराला साडेपस्तीस. "बाई, अजून लहान होतेय!" एक मुलगी ओरडते. दुसरीला घड्याळाचाच संशय येतो. बाई उत्तर देत नाहीत, "दुसऱ्या कुणाच्या घड्याळात बघ," एवढंच म्हणतात.

(दृश्य : सावलीचं टोक, अगदी जवळून.)

इथे खरी गंमत सुरू होते. सावलीचं टोक रेघेसारखं स्पष्ट नसतं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाएवढी तबकडी आहे, म्हणून टोकाशी जवळजवळ एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा पडतो. साडेबारानंतर सावली इतकी कमी बदलते की पट्टीवर फरकच दिसत नाही. एक गट म्हणतो बारा चाळीस, दुसरा म्हणतो बारा पन्नास. चांगलीच जुंपते. मग एका मुलाच्या ध्यानात येतं की सव्वाबाराला जेवढी सावली होती तेवढीच सव्वाएकला पुन्हा भरली. दोन्हींच्या बरोबर मध्ये काय येतं? पावणेएक.

बारा सोडून पावणेएक, ही पंचेचाळीस मिनिटं आली कुठून? आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या वेळेनं. ठाणे आहे 73 अंशांच्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे अंतर 38 मिनिटांचं. उरलेली सात मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची. ती वर्षभर सारखी नसतात : फेब्रुवारीच्या मध्यावर ठाण्याची खरी मध्यान्ह, म्हणजे सर्वांत लहान सावलीची वेळ, बारा बावन्नला होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीसला. आणि सूर्य डोक्यावर? पावणेएकलाही 35 सेंटिमीटर सावली उरलेलीच होती. ठाण्यात सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं.

आलेख कागदावर दहा सेंटिमीटरची उभी रेघ, तिच्या पायाशी साडेतीनची आडवी, दोन्ही टोकं जोडली आणि वरचा कोन कोनमापकानं मोजला. 19 अंश. 21 मार्चला सूर्य जवळजवळ विषुववृत्तावर असतो, म्हणून हा ठाण्याचा अक्षांश, मुलांनी एका काठीवरून काढलेला.

(दृश्य : विज्ञानाचं पाठ्यपुस्तक. 'करून पहा'ची चौकट.)

अशा कृती अभ्यासक्रमात नाहीत, असं म्हणायची सोय नाही. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा'च्या चौकटी जागोजागी आहेत, चांगल्या विचारानं लिहिलेल्या आहेत. वर्गात त्या वाचून दाखवल्या जातात आणि निष्कर्ष लिहून घेतला जातो. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं, प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. अशा वेळी परीक्षानळ्या काढायच्या केव्हा आणि धुवायच्या कुणी? त्यातून दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखीचे आणि 20 प्रात्यक्षिकाचे. त्या 20 गुणांत मागे पडलेलं मूल सहसा सापडत नाही, मग त्यानं प्रयोग केलेला असो वा नसो. शाळेला हे कळतं, पालकांना कळतं आणि सर्वांत आधी मुलांना कळतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की पुस्तक कितीही वेळा बदला, प्रश्नपत्रिका जे विचारेल तेच वर्गात शिकवलं जाईल.

(दृश्य : नकाशा, मध्य प्रदेश. होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम.)

हे ओळखून काम झालेलं आहे, आणि तेही सरकारी शाळांत. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक पूर्व शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. 1978 मध्ये तो जिल्हाभर पोचला. पुढे 1982 साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं तो सांभाळला. शाळेला प्रयोगाच्या साहित्याची पेटी मिळायची. मुलं टोळ्या करून प्रयोग करायची. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमून अडचणी मांडायचे. मुलं आपले प्रश्न 'सवालीराम'ला पत्रानं कळवायची. सवालीराम काल्पनिक होता, पण उत्तरं खरी यायची.

त्यांनी परीक्षासुद्धा बदलली, आणि तेच आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. मुलं पुस्तक आणि वही घेऊन परीक्षेला बसायची, सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा असायची. 2002 साली सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम थांबलं याचं दुःख आहेच. पण परीक्षा बदलता येते, हे तिथे सिद्ध होऊन गेलं आहे.

(दृश्य : फळा. बाई प्रश्न लिहिताहेत.)

कळव्याच्या बाईंनी वार्षिक परीक्षेसाठी काढलेला हा प्रश्न बघा. सावलीच्या नोंदी दिल्या आहेत : 12:00 ला 41, 12:15 ला 37.5, 12:30 ला 35.5, 12:45 ला 38, 1:00 ला 35.5, 1:15 ला 37.5 सेंटिमीटर. यातली एक नोंद चुकली आहे. कोणती? कशावरून? गाइडमध्ये याचं उत्तर मिळणार नाही. ज्यानं उन्हात उभं राहून खुणा केल्या, त्याला ते दोन मिनिटांत दिसतं. आणि बहुतेक शाळांत नववीपर्यंत विज्ञानाची प्रश्नपत्रिका शाळेचेच शिक्षक काढतात. असा एक प्रश्न घालायला कुणाच्या जीआरची वाट पाहावी लागत नाही.

(दृश्य : वाशी खाडीपूल. लोकल मानखुर्दकडे जाते आहे.)

नवी मुंबईतून खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं. 1974 साली सुरू झालेलं. सुरुवातीच्या वर्षांत या केंद्रानं जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केलं. तिथले वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एका गोष्टीवर पुनःपुन्हा बोट ठेवत : मूल विज्ञानात अडलं असं आपल्याला वाटतं तेव्हा पुष्कळदा ते पुस्तकाच्या भाषेत अडलेलं असतं. ठाण्यातल्या शाळा आज सेमी-इंग्रजीकडे वळल्या आहेत. पालकांची काळजी समजते. पण तासाला मराठीत समजावून वहीत इंग्रजी व्याख्या उतरवून घेतली, तर मुलाच्या हाती पाठांतरच राहतं. पटांगणातलं ते बारा चाळीस की पन्नासचं भांडण त्याच्या स्वतःच्या भाषेतच रंगतं. ते आधी होऊ द्यावं, इंग्रजी संज्ञा मागून येतील.

(दृश्य : ऐरोली. खाडीकाठचं तिवरांचं जंगल. ओहोटी.)

ठाणे खाडी. 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. एवढी मोठी प्रयोगशाळा रेल्वे आणि रस्त्याला लागून पडून आहे. नववीची मुलं तिवराचं पान भिंगाखाली धरतात. पानावर बारीक पांढरे कण चमकतात. एक जण बोटानं पुसून जिभेला लावतो. मीठ! मुळांतून वर आलेलं जास्तीचं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो. पावसाळ्यात हेच पान बघितलं तर कण दिसतील का? चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं भरतीच्या वेळी काय करत असतील? अनुकूलनाचा धडा वाचताना हे प्रश्न कुणाला पडत नाहीत, चिखलात पाय रुतला की आपोआप पडतात.

(दृश्य : ठाण्यातलं एक कनिष्ठ महाविद्यालय. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा.)

महाविद्यालयात चित्र आणखी बिकट आहे. बारावीला भौतिकशास्त्राचे 30 गुण प्रात्यक्षिकाचे, पण डॉक्टर-इंजिनीअर व्हायचं तर नीट, जेईई आणि सीईटी ठरवणार, आणि तिथे प्रयोग नाही. मुलं क्लासला असतात, प्रयोगशाळेतले स्टूल रिकामे. जी येतात त्यांना लंबकाच्या झोक्यावरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग करायचा असतो. उत्तर 9.8 यायला हवं हे आधीच ठाऊक असतं, मग रीडिंग उलट्या गणितानं भरली जातात.

इथल्या सरांनी अकरावीला प्रश्नच बदलला. 9.8 काढू नका. लंबक किती अंशांपर्यंत ओढला तर एका झोक्याला लागणारा वेळ बदललेला तुम्हाला पकडता येतो, ते शोधा. पुस्तकात लिहिलंय, झोका लहान असावा. लहान म्हणजे किती? 30 अंशांना वेळ दोन टक्क्यांहूनही कमी वाढतो, 60 अंशांना सुमारे सात टक्के. मोबाइलचं स्टॉपवॉच चालू-बंद करायला बोटाला वेळ लागतो, त्यात 30 अंशांचा फरक कुणाला सापडतो, कुणाला नाही. एका टेबलानं दहा झोके मोजले, दुसऱ्यानं चाळीस. चाळीसवाल्यांना उलटी अडचण आली. मोजून होईपर्यंत झोका लहान होऊन गेला.

चार टेबलांची चार उत्तरं निघाली. सरांनी चारही जर्नलवर सही केली आणि पुढच्या प्रॅक्टिकलला चारही गटांनी आपापली रीडिंग फळ्यावर मांडायची, असं ठरलं आहे.