सत्तावन्न पोकळ वर्तुळं
(पत्रकारांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मृत्यूंच्या आकड्यांची चित्रं कशी काढावीत हे पाहायचं आहे, तर इर्शाळवाडीपासून सुरुवात करू. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातली ही ठाकर समाजाची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं, तेव्हा जाहीर झालेले आकडे असे होते: वाडीची लोकसंख्या २२८, मृतदेह सापडले २७, बेपत्ता ५७, हयात १४४.

आता याचं चित्र काढायचं आहे. नेहमीसारखा स्तंभ काढायला घेतलात की पहिल्याच रेघेला हात थांबतो. स्तंभ २७ चा काढायचा की ८४ चा? २७ चा काढला, तर ५७ माणसं चित्रातून दुसऱ्यांदा नाहीशी होतात. ८४ चा काढला, तर ज्यांचा देह मिळाला नाही त्यांना आपणच परस्पर मृत ठरवतो. ते ठरवण्याचा अधिकार ग्राफिक्सच्या टेबलाला नाही.

म्हणून स्तंभ सोडा आणि २२८ वर्तुळं काढा, सगळी एकाच आकाराची. एका ओळीत १९ घेतली की बरोबर १२ ओळी होतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर दोन्हीकडचा समास सोडून साधारण ३२८ पिक्सेल हाती राहतात. १२ पिक्सेलचं वर्तुळ, ५ पिक्सेलचं अंतर, एवढ्यात अख्खी वाडी एका स्क्रीनवर मावते आणि खाली मजकुरालाही जागा उरते. १४४ वर्तुळं फिकट राखाडी भरा, २७ गडद भरा आणि ५७ ची फक्त कड काढा, आत काही नाही. ही कड किमान दीड पिक्सेल जाडीची हवी. एक पिक्सेलची कड स्वस्त मोबाइलवर पुसट होते, वर्तुळ राखाडी वाटू लागतं आणि बेपत्ता माणूस हयात माणसांत मिसळून जातो. पोकळ वर्तुळं सर्वांत शेवटी ठेवा, म्हणजे नजर तिथे येऊन थांबते. चित्राखाली 'स्थिती २३ जुलै २०२३ रोजीची' हे लिहिल्याशिवाय ते पुढे पाठवू नका.

इथे एक मोह होतो, ही वर्तुळं घरांच्या नकाशावर बसवण्याचा. ते करू नका. एवढ्या लहान वाडीत घर दाखवलं की कुटुंब ओळखू येतं, आणि मागे राहिलेल्यांना कोणी विचारलेलं नसतं. लहान संख्येत वय, लिंग आणि ठिकाण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की नाव छापल्यासारखंच होतं.

संख्या वाढली की अडचणी बदलतात. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ मध्ये २,५९० माणसं मेली, म्हणजे दिवसाला सरासरी सात. मग वर्षाचं कॅलेंडर काढून प्रत्येक चौकटीत सात ठिपके टाकावेसे वाटतात. प्रत्येक मृत्यूची तारीख हाताशी नसेल, तर ते खोटं चित्र आहे. कुठल्या दिवशी तीन गेले असतील, कुठल्या दिवशी अकरा. तारखा नसतील तर २,५९० ठिपके सलग काढा आणि सरासरी शब्दांत सांगा.

कोविडमध्ये महाराष्ट्रातल्या अधिकृत मृत्यूंची संख्या सुमारे १ लाख ४८ हजार. ४ पिक्सेलचा ठिपका आणि २ पिक्सेलचं अंतर धरलं, तर ३६० पिक्सेलच्या पूर्ण रुंदीत ओळीला ६० ठिपके बसतात. ओळी होतात जवळपास २,४७०, उंची १४,८०० पिक्सेल. म्हणजे मोबाइलचे तेवीस स्क्रीन. संपादक म्हणतील, एवढं कोण सरकवणार? एक ठिपका म्हणजे शंभर माणसं करा. तसं केलंत की १,४८० ठिपके उरतात आणि त्याच पानावरच्या रेल्वेच्या २,५९० ठिपक्यांपेक्षा कोविड लहान दिसतो. खाली कितीही ठळक टीप द्या, डोळा टीप वाचत नाही. माणसाच्या आकृत्या वापरल्या तर याहून वाईट होतं, कारण एक आकृती हजार माणसांची धरली, तर १,४५० दाखवताना दुसरी आकृती अर्धी कापावी लागते. माझं मत विचाराल तर तेवीस स्क्रीन ठेवा. अंगठा दुखेपर्यंत सरकवावं लागतं, तेव्हाच ती संख्या हाताला कळते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. एवढे ठिपके एसव्हीजीत, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतंत्र घटक म्हणून साठवणाऱ्या चित्रप्रकारात, काढलेत तर मोबाइल गोठतो, ते काही हजारांपर्यंतच ठीक. पुढे कॅनव्हास, म्हणजे ब्राउझर थेट पिक्सेल रंगवतो ती चौकट, घ्या, पण एकच लांबलचक कॅनव्हास नको. आयफोनच्या सफारीच्या अनेक आवृत्त्यांत एका कॅनव्हासला १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा आहे. तिप्पट घनतेच्या स्क्रीनवर आपलं चित्र पावणेपाच कोटींच्या पुढे जातं आणि वाचकाला कोरी पांढरी जागा दिसते. स्क्रीनभर उंचीचे तुकडे करा आणि समोर येईल तो तुकडा त्या वेळी रंगवा. ठिपके पावसासारखे पडताना दाखवायचं ॲनिमेशन मात्र टाळा. त्यात वाचक हालचाल पाहतो, माणसं मोजत नाही.

आता तारखांकडे या, सर्वाधिक चुका इथे होतात. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी नोंदवायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्यामुळे देशाचा एका दिवसाचा आकडा २,००३ झाला. रोजच्या आलेखात तिथे सुळका उभा राहिला आणि तो पाहणाऱ्याला वाटलं, त्या दिवशी हाहाकार झाला. सात दिवसांची सरासरी काढून हे सुधारत नाही, उलट खोटा सुळका पसरून आठवडाभराची खोटी टेकडी होते. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख हे दोन वेगळे रकाने आहेत. पहिला मिळाला तर प्रत्येक मृत्यू त्याच्या खऱ्या दिवशी नेऊन ठेवा. न मिळाला तर ते १,३२८ बाजूला वेगळ्या चौकटीत ठेवून वर लिहा: जुन्या नोंदी, तारीख उपलब्ध नाही.

अक्ष उलटा करण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. आलेखकार सायमन स्कार यांनी २०११ मध्ये हाँगकाँगच्या साउथ चायना मॉर्निंग पोस्ट या दैनिकासाठी इराकमधल्या मृत्यूंचा आलेख काढला. स्तंभ लाल आणि वरून खाली लोंबणारे, ओघळल्यासारखे. तो नीट वाचला जातो, कारण सुट्या स्तंभांचं मूळ वर आहे हे लगेच दिसतं. पुढे आलेखांचे जाणकार अँडी कॉटग्रीव्ह यांनी तोच आलेख उलटा केला, रंग निळा केला, मथळ्यात मृत्यू घटत असल्याचं लिहिलं. आकडे तेच, अर्थ पार बदलला. २०१४ मध्ये रॉयटर्सने फ्लोरिडातल्या बंदुकीच्या बळींसाठी उलटा अक्ष वापरला, पण तिथे सुटे स्तंभ नव्हते, भरलेलं लाल क्षेत्र आणि खाली पांढरी जागा होती. लोकांनी पांढऱ्या भागालाच आलेख समजून वाचलं. २००५ च्या 'स्टँड युअर ग्राउंड' या स्वसंरक्षणाच्या कायद्यानंतर बळी वाढले होते, वाचकांना ते घटलेले दिसले. ज्याने काढलं त्याला असं चित्र कधीच उलटं दिसत नाही. म्हणून छापण्याआधी ते टेबलावरच्या दुसऱ्या कोणाला पाच सेकंद दाखवा, झाका आणि 'वाढलं की घटलं' एवढंच विचारा.

नकाशातही असंच फसायला होतं. जिल्हावार रंग भरलेत की १४,४१२ चौरस किलोमीटरचं गडचिरोली नजरेत भरतं आणि १५७ चौरस किलोमीटरचं मुंबई शहर शोधावं लागतं. माणसं मात्र मुंबई शहरात तिपटीच्या आसपास. तुलना करायची तर दर लाखामागचं प्रमाण काढा आणि प्रत्येक जिल्ह्याला सारख्या मापाची चौकट द्या.

अंदाज असेल तर ठिपका वापरूच नका. २०२० आणि २०२१ मध्ये भारतात ४७ लाखांच्या आसपास अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यांहून जास्तीचे मृत्यू, झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. अधिकृत कोविड मृत्यू होते ४ लाख ८१ हजार. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. शिवाय अतिरिक्त मृत्यूंमध्ये उपचार न मिळाल्याने गेलेले इतर रुग्णही येतात, म्हणून हे दोन आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. अंदाजाचा पल्ला ३३ ते ६५ लाखांचा आहे. ठिपका काढणं म्हणजे 'हा एक माणूस होता, याची नोंद आहे' असं सांगणं. अंदाजासाठी कडा विरत जाणारा पट्टा काढा आणि त्याची दोन्ही टोकं आकड्यांत लिहा.

राहिली नावं. २४ मे २०२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने पहिलं पान नावांनी भरलं आणि यादी आत पुढे नेली, एकूण एक हजार नावं, प्रत्येकाबरोबर आयुष्याबद्दलची एखादी ओळ. अमेरिकेतले बळी तेव्हा एक लाखाजवळ होते, म्हणजे एवढं करूनही शंभरातला एकच माणूस तिथे होता. यादीतलं सहावं नाव कोविडने गेलेल्याचं नव्हतं, त्याचा खून झाला होता. नंतर ते काढलं. शोकवार्ता गोळा करून यादी करताना हे कुठल्याही दैनिकात होऊ शकतं. म्हणून प्रत्येक नावाला मृत्यूचं कारण सांगणारा स्वतंत्र पुरावा हवा, आणि तो यादी करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने तपासायला हवा.

त्यासाठी साधं एक्सेल पुरतं. एका माणसाला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, वय, तालुका, मृत्यूची तारीख, नोंदीची तारीख, माहितीचा स्रोत, स्थिती, शेवटची तपासणी. नावं वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद. स्थितीच्या रकान्यात मृत, बेपत्ता, हयात असे तीनच पर्याय ठेवा. चित्र थेट या तक्त्यातून निघू दे, हाताने रंग बदलू नका. उद्या एखाद्या घरून फोन आला की आमच्या माणसाची नोंद चुकली आहे, तर कागद पाहून त्या ओळीतली स्थिती बदला, जुनी नोंद तारखेसह शेजारी राहू द्या, आणि चित्राखाली काय बदललं ते लिहून त्या घरी परत फोन करा.