अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी गाताना

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, संगीत म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: राग कोणता लावायचा? लावायचं काहीच नाही. स्पीकर बाजूला ठेवा आणि आधी कक्षातला गोंगाट मोजा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. बाळाला ठेवतात त्या उबदार पेटीची (इन्क्युबेटरची) झडप खटकन लावली किंवा वर बाटली टेकवली, तरी आतल्या बाळाला मोठा दणका बसतो.

साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. गर्भात त्याच्यापर्यंत पोचतात ते मुख्यतः खालच्या पट्टीचे आवाज. मोबाइलच्या स्पीकरमधून नेमकं उलटं होतं: खर्ज गळतो, तीक्ष्ण स्वर उरतात आणि पेटीच्या गुळगुळीत भिंतींवर आपटून घुमतात. म्हणून मोबाइल पेटीत नको. हेडफोन तर नाहीच.

गाण्याची खरी जागा आईची किंवा बाबांची छाती. कांगारू केअरमध्ये बाळ उभं, उघड्या अंगाला अंग, फक्त लंगोट आणि टोपी, मान एका कुशीला. आई मागे रेललेली. बाळ स्थिरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं, मॉनिटर बघायचा. मग तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं. छातीतला कंप आधी पोचतो, शब्द नंतर. बाळाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ असतो. त्याच्याशी बरोबरी करू नका, धाप लागेल. त्याचे चार-पाच श्वास झाले की आपली एक ओळ, मग थांबा. तीच ओळ पुन्हा. मोठ्या उड्या, ताना, टाळ्या नकोत.

"मला गाता येत नाही" असं बहुतेक आया म्हणतात. सूर चुकला तरी बाळाचं काही बिघडत नाही. न्यूयॉर्कच्या संगीतोपचारतज्ज्ञ जोआन लोवी यांच्या २०१३च्या अभ्यासात ११ रुग्णालयांतली २७२ बाळं होती. त्यातला एक उपाय म्हणजे आईवडिलांनीच निवडलेलं गाणं अंगाईसारखं संथ करून बाळाजवळ प्रत्यक्ष गाणं. घरची आरती असली तरी चालेल; टाळ वगळा, लय निम्म्यावर आणा.

आता चुकतं कुठे? बाळ "ऐकतंय" असं वाटून आपण गातच राहतो. बोटं फाकणं, कपाळाला आठ्या, उचकी, वारंवार जांभई, मान फिरवणं, रंग बदलणं: ही थांबण्याची खूण. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) किंवा हृदयाचे ठोके खाली गेले तर गाणं लगेच बंद आणि सिस्टरना हाक. गाणं, थोपटणं, डोळ्यांत बघणं हे सगळं एकदम सुरू केलं की फार अपुऱ्या बाळाला पेलत नाही. एका वेळी एकच. गाढ झोपलेल्याला गाण्यासाठी उठवायचं नाही. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी संगीतोपचाराच्या, पाच देशांतल्या लाँगस्टेप चाचणीत घरी जातानाच्या आई-बाळ नात्याच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही. म्हणून "गाण्याने वजन वाढतं, मेंदू तल्लख होतो" असलं आश्वासन पालकांना देऊ नका. ज्या आईला गायची इच्छा नाही, तिला भरीस घालायचं नाही. तिने हळू आवाजात बाळाशी बोललेलं चालतं, नुसतं छातीशी धरलेलंही चालतं.