नाव ओळखीचं नाही म्हणून

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘मुलीला पदवीसाठी अमेरिकेत पाठवायचंय, हार्वर्ड की विल्यम्स?’ दोन्हींकडे प्रवेश मिळणं महाकठीण, पण मिळाला असं धरून चालू. हार्वर्डचं नाव सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक असतं. विल्यम्स म्हटलं की मामा विचारणार, टेनिसवाल्या बहिणींनी काढलंय का? अहो, १७९३ सालचं कॉलेज आहे ते! मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ कोपऱ्यात, साधारण दोन हजार विद्यार्थ्यांचं.

अशा छोट्या, मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या आणि विज्ञानापासून साहित्यापर्यंत सगळे विषय चाखू देणाऱ्या कॉलेजांना ‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणतात, आणि ते ऐकून पालकांचा चेहरा पडतो. पण २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. त्याच विषयाचं १९८९ चं नोबेल मिळालेले थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे. पीएचडीला मात्र डाउडना हार्वर्डला गेल्या, चेक बर्कलीला. मोठं विद्यापीठ त्यांच्या वाट्याला आलं, फक्त नंतर आलं.

खरा फरक शिकवतं कोण, यात आहे. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या लोकप्रिय विषयाला शेकडो मुलं बसतात. प्राध्यापक व्याख्यान देऊन जातात. छोट्या गटांत चर्चा घेणारा आणि तुमचे पेपर तपासणारा बहुधा पीएचडीचा विद्यार्थी असतो. छोट्या कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थीच जवळपास नसतात. त्यामुळे निबंध प्राध्यापकच वाचतात, आणि प्रयोगशाळेत हाताखाली माणूस लागला की बीएच्या पोरांनाच बोलावतात. विल्यम्समध्ये तर ट्यूटोरियल असतं, दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने निबंध मांडायचा, दुसऱ्याने तो सोलून काढायचा. पुढच्या आठवड्यात उलट. अभ्यास न करता जाऊन मागच्या बाकावर लपायची सोयच नाही!

मग हार्वर्ड वाईट का? मुळीच नाही. गोव्यात जन्मलेले आपले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी १९२९ साली तिथूनच पदवीधर झाले. त्यांनी गणितावरच लक्ष द्यावं, असं बर्कहॉफसारख्या मोठ्या गणितज्ञाचं म्हणणं होतं. कोसंबींनी ऐकलं नाही, इतर विषयांतही मनसोक्त हात घातला. अशा मुलाला मोठं विद्यापीठ म्हणजे पर्वणी. कुणाचंही दार ठोठावायला जो लाजत नाही, त्याला तिथे काहीही मिळतं. आपली पुष्कळ हुशार मुलं मात्र विचारायलाच संकोचतात. त्यांच्यासाठी माझा कौल छोट्या कॉलेजला.

इंजिनिअरिंगच हवं असेल तर मात्र सांभाळून. स्वार्थमोर, हार्वे मड असे अपवाद सोडले, तर छोट्या कॉलेजांत ते सहसा नसतं.

आता पैसा. हार्वर्ड आणि ॲमहर्स्ट हे छोटं कॉलेज, दोन्ही परदेशी मुलांचेही अर्ज घरची ऐपत न पाहता निवडतात, आणि गरज असेल तेवढी मदत करतात. बहुतेक छोटी कॉलेजं परदेशी अर्जदाराने मदत मागितली की ते लक्षात घेऊन निर्णय देतात. म्हणून नावापेक्षा आधी हे तपासा.

आणि ताई, दोन्हीकडे ई-मेल पाठवायला मुलीलाच सांगा. तिला आवडणाऱ्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात किती मुलं असतात आणि त्यांचे पेपर कोण तपासतं, एवढंच विचारायचं. ई-मेल तुम्ही लिहून देऊ नका.