फेसाकडे नका बघू, फॉस्फेटकडे बघा

नमस्कार मंडळी. सकाळची वेळ आहे, कुणाकडे मशीन सुरू असेल, कुणाकडे कपडे भिजत पडले असतील, म्हणून आज कपड्यांच्या पावडरीबद्दलच बोलते.

आमच्याकडे बोरिंगचं पाणी, जड. आई पावडर टाकायची, फेस यायचा नाही, की टाक अजून एक मूठ. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पावडरला कामच करू देत नाही, म्हणून त्यांना बांधून ठेवायला काही पावडरींत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेलं एक फॉस्फेट, घालतात. कपडे छान निघतात, खोटं कशाला बोलू. पण मोरीतून ते जातं कुठं? नाल्यातून नागपूरच्या नाग नदीत, मग कन्हान, वैनगंगा आणि शेवटी गोसेखुर्दच्या धरणात. आणि सांडपाणी साध्या प्लांटमधून गेलं तरी बराचसा फॉस्फरस तसाच पुढे निघून जातो.

आपण फेस दिसला की घाबरतो, पण फेस फॉस्फेटचा नसतोच. फॉस्फेट दिसत नाही. ते शेवाळाला, जलपर्णीला खत म्हणून लागू पडतं. अंबाझरी तलावाच्या काठावर काढून टाकलेले जलपर्णीचे ओले ढीग तुम्ही पाह्यले असतील, खाली ती काळी केसाळ मुळं लोंबत असतात. शेवाळ मेलं की सडतं, सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो अन् मासे मरतात.

कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने एका तळ्यात मधोमध पडदा लावला, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस फक्त एकीकडे, आणि तेवढाच भाग हिरवागार झाला. युरोपने तर ३० जून २०१३ पासून घरगुती पावडरीत एका धुण्यामागे फॉस्फरस ०.५ ग्रॅमवर आणला. कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या झिओलाइटसारखे पर्याय आहेत, तिथले कपडे काही मळके राहिले नाहीत.

शेतातलं खत, संडासाचं पाणी, त्यातूनही फॉस्फरस येतो, मान्य. पण ते आवरायला किती वर्षं लागतील, पावडरीतला मात्र कारखान्यातच कमी होतो ना! परवा दुकानात मी तीन पाकिटं उलटून पाह्यली, सुगंध आणि ऑफर मोठ्या अक्षरात, फॉस्फेट किती ते एकावरही सापडलं नाही. तो आकडा छापा आणि सगळ्यांना सक्तीची मर्यादा घाला, माझी मागणी एवढीच आहे.

तोवर आमच्या घरी डब्यात मुठीऐवजी चमचा आलाय, अन् नळ आला की आई पहिले कपडे भिजवते, त्या पाण्याला पावडर कमी लागते.